जाळे आणि ताट

समुद्र ज्या देशाला भरभरून देतो, त्या देशातील माणसांच्या ताटातही मासळी भरपूर असणार, असे आपणांस सहज वाटते. पॅसिफिक महासागराच्या दोन काठांवर वसलेले पेरू आणि जपान हे देश पाहिले म्हणजे ही समजूत पुरी खरी नाही, हे ध्यानी येते.

पेरू हा देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याच्या कडेने हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो. वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी आत समुद्राकडे लोटतात आणि त्याची जागा घेण्यास खालचे गार पाणी वर येते. शेताला जसे शेणखत, तसे या पाण्यातील क्षार समुद्राला. त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात व अँचोवेटा नावाच्या, वीतभरही लांब नसलेल्या मासळीचे थवेच्या थवे पोसले जातात. आपल्या कोकणातील मांदेली हिच्याच कुळातली.

१९७० साली पेरूच्या कोळ्यांनी १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासळी पकडली. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ३० लाख. म्हणजे माणशी वर्षाला नऊशे किलो, दिवसाला जवळजवळ अडीच किलो! वर्गात हा भागाकार करावयास सांगितला, की एखादे शून्य चुकले असे समजून मुले वहीतील उत्तर खोडीत असत. उत्तर बरोबरच होते. पण ती मासळी पेरूच्या लोकांच्या पोटात मात्र गेली नव्हती.

ती गेली चिंबोटेसारख्या बंदरांतील कारखान्यांत. तेथे मासळी वाफेवर शिजवून, दाबून तिचे तेल काढतात आणि उरलेला चोथा वाळवून दळतात. चार-पाच किलो मासळीपासून एक किलो भुकटी होते. ही भुकटी परदेशांतील कोंबड्यांना व डुकरांना खाऊ घालीत. हल्ली ती मुख्यतः मत्स्यशेतीतील मासे व कोळंबी यांना घालतात. कोळ्यांना तरी दोष कसा द्यावा? अँचोवेटा तेलकट असल्याने लवकर नासते आणि कारखाना अख्खी नाव एकदम विकत घेतो. अँडीज पर्वतातील दूरच्या गावी ताजी मासळी पोहोचविणे मात्र सोपे नाही. पेरूत आजही तीन वर्षांखालील दर दहा मुलांपैकी सुमारे चार मुलांना रक्तक्षय आहे.

जपानची रीत निराळी. तेथे कुरोशिओ हा उष्ण आणि ओयाशिओ हा शीत प्रवाह एकमेकांस भेटतात, त्यामुळे तेथेही मासळी विपुल. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कोंबडी इत्यादींचे मांस खाण्यास बंदी घातली. पुढे शतकानुशतके मासळी हाच जपानी जेवणातील मुख्य सामिष पदार्थ राहिला. तेथे मासा धरला जातो तो प्रायः माणसाने खाण्यासाठीच.

तथापि जपानचे जाळेही आज पूर्वीसारखे भरत नाही. १९८४ मध्ये तेथील उत्पादन सव्वा कोटी टनांहून अधिक होते. हल्ली ते चाळीस लाखांच्या आसपास आहे. याचे एक कारण पेरूशीच जोडलेले आहे. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रावर पेरूने १९४७ सालीच आपला हक्क सांगितला होता. १९७७ च्या सुमारास अनेक राष्ट्रांनी तोच मार्ग धरला आणि दूरच्या समुद्रात फिरणाऱ्या जपानी नौकांना मागे परतावे लागले. आता जपान आपल्या गरजेची जवळजवळ निम्मी मासळी बाहेरून आणतो.

म्हणून कोणत्याही देशाचा मासळीचा पुरवठा मोजताना केवळ पकड पाहत नाहीत. पकडीत मत्स्यशेतीचे उत्पन्न व आयात मिळवितात, त्यातून निर्यात आणि भुकटीसाठी गेलेला माल वजा करतात व उरेल त्यास लोकसंख्येने भागतात. पेरूच्या खात्यात या वजाबाकीनंतर अगदी थोडे उरते.

पकडीचाही भरवसा नसतोच. १९७२ मध्ये एल निन्यो आला, म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावर उष्ण पाणी पसरले व खालचे खत वर येईनासे झाले. आधीच बेसुमार उपसलेली अँचोवेटा १९७३ मध्ये वीस लाख टनही मिळाली नाही. जपानी लोक आवडीने कच्ची खातात ती नॉर्वेची सामन मासळी पेरूच्या भुकटीवर व तेलावर पोसलेली असू शकते. २०२३ मध्ये पुन्हा एल निन्यो आला, पेरू सरकारने वर्षातील मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला आणि माशांच्या तेलाचे भाव जगभर कडाडले.