समजून घ्या : घरकुलाचा आराखडा ते लोणारचा छेद, चित्रातून म्हणणे कसे मांडायचे?

घर बांधणाऱ्याच्या डोक्यात एक घर असते, मिस्त्रीच्या डोक्यात दुसरे. जोते भरेपर्यंत दोघांनाही याचा पत्ता नसतो. दार नेमके चुलीच्या अंगावर उघडते, खाट टाकली की कपाट उघडत नाही, न्हाणीचे पाणी शेजारच्या अंगणाकडे वळते, हे सगळे नंतर लक्षात येते. तोवर सिमेंट सुकलेले असते.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातले जानेफळ घ्या किंवा आसपासचे कुठलेही गाव. लहान घरासाठी बहुधा आर्किटेक्ट नसतो, काम बोलाचालीवर ठरते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत एक दार चुकले तरी ते आयुष्यभर खुपते. ही चूक टाळायला ग्राफचा एक कागद, पट्टी, पेन्सिल आणि तासभर वेळ पुरतो.

तरीही बहुतेक जण पेन्सिल उचलत नाहीत. कारण ठरलेले : ‘माझी चित्रकला चांगली नाही.’ चित्र सुंदर काढणे आणि चित्रातून समजावणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम शिकता येते, आणि त्यासाठी हातात जन्मजात कला असावी लागत नाही.

प्रगत रेखाटन म्हणजे नेमके काय?

हुबेहूब चेहरा किंवा रंगीत निसर्गचित्र म्हणजेच प्रगत चित्रकला, असा समज आहे. कल्पना समजावण्यासाठी चित्र काढताना कसोटी वेगळी असते. समोरच्याला कोणता प्रश्न पडला आहे आणि त्याचे उत्तर कोणत्या बाजूने पाहिल्यावर मिळेल, हे आधी ठरवावे लागते.

जागा पुरेल का, हा प्रश्न असेल तर वरून पाहिलेला आराखडा हवा. आत काय आहे, हे विचारले असेल तर उभा छेद हवा. बांधल्यावर कसे दिसेल, याला खोली दाखवणारे चित्र लागते. आधी काय आणि नंतर काय, याला क्रमाने काढलेली चित्रे. प्रश्न एक आणि चित्र दुसऱ्याचेच असेल, तर ते कितीही देखणे असो, ऐकणारा गोंधळतोच.

वरून पाहा : घरकुलाचा आराखडा

समजा, आतली जागा ५ मीटर बाय ५ मीटर आहे. १ मीटरला २ सेंटिमीटर धरा. कागदावर १० बाय १० सेंटिमीटरचा चौरस येईल. हेच १:५० प्रमाण.

आता सामान मोजा. १.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद खाटेचा कागद ३.६ बाय २.४ सेंटिमीटरचा होईल. कपाट, ओटा, पाण्याची टाकी यांचेही तुकडे कापा आणि चौरसात सरकवून पाहा. दार ९० सेंटिमीटरचे असेल तर १.८ सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढा. दार उघडताना तेवढी जागा खाते. त्या कंसात खाटेचा कोपरा येत असेल, तर भांडण कागदावरच मिटले.

यात हात किती सफाईदार आहे याला महत्त्व नाही. माप खरे असले पाहिजे. पट्टीने काढलेली साधी रेष इथे रंगवलेल्या घरापेक्षा जास्त बोलते.

कापून पाहा : विहीर आणि लोणार

विहीर खोल करायची की आडवे बोअर मारायचे, हा वाद घरोघरी होतो. विहिरीचा वरून काढलेला फोटो त्यात काहीच मदत करत नाही, कारण प्रश्न आतला आहे. त्यासाठी विहीर मधोमध कापली आहे असे समजून तिचा छेद काढायचा.

१ मीटरला १ सेंटिमीटर धरा. १२ मीटरची विहीर कागदावर १२ सेंटिमीटर येईल. वरून खाली काळी माती, मुरूम, फुटलेला खडक, सलग काळा पाषाण असे जे थर दिसतात ते आखा. दिवाळीच्या सुमारास पाणी कुठवर असते तिथे एक रेघ आणि मे महिन्यातल्या पातळीला दुसरी. झरे ज्या खोलीवर आहेत तिथे बाण.

समजा, झरा पाच मीटरवर आहे आणि त्याखाली सगळा सलग पाषाण. मग आणखी तीन मीटर खोदल्यावर साठवण वाढेल, पण पाण्याची आवक वाढेलच असे नाही. तोंडी सांगताना हा मुद्दा निसटतो. छेदात तो घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. निर्णय मग कुणाच्या आवाजावर ठरत नाही.

छेदाचे सगळ्यांत मोठे उदाहरण शेजारच्या लोणार तालुक्यात आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे १५० मीटर. मुलांना लोणार काढायला सांगितले, तर बहुतेक जण खोल वाटी काढतील. आता प्रमाणात काढा. १८ सेंटिमीटर रुंद विवराची खोली भरते फक्त दीड सेंटिमीटर. म्हणजे लोणार वाटीसारखे नाही, परातीसारखे आहे. बाहेरच्या जमिनीपेक्षा काठ सुमारे २० मीटर उंच आहे. तो या चित्रात जेमतेम २ मिलिमीटर येतो.

छेद आणखी एक गोष्ट दाखवतो. आजूबाजूला जवळपास आडवे असलेले बेसाल्टचे थर काठापाशी वर उचललेले आहेत. वरून जोराचा आघात झाला, याच्या खुणांपैकी ही एक. सरोवराच्या सुंदर फोटोत ती दिसत नाही.

बारीक तपशील दाखवण्यासाठी कधी कधी उंची मुद्दाम वाढवावी लागते. त्याला हरकत नाही. फक्त बाजूला ‘उभे प्रमाण ३ पट’ असे स्पष्ट लिहायचे. न सांगता वाढवलेली उंची म्हणजे चित्रातले खोटे बोलणे.

जसे दिसते तसे : घागरीचा तळ

वस्तुचित्रात नेहमी दिसणारी एक चूक पाहा. मुले घागरीचे तोंड लंबगोल काढतात आणि तळ मात्र सरळ रेघेने बंद करतात. घागर मग जमिनीत रुतल्यासारखी दिसते.

नियम सोपा आहे. गोल वस्तू डोळ्याच्या पातळीवर असेल तर तिची कड सरळ रेघ दिसते. ती जितकी खाली जाईल तितका लंबगोल उघडत जातो. घागर पाटावर असेल तर तळ तोंडापेक्षा जास्त खाली असतो, म्हणून तळाचा लंबगोल तोंडाच्या मानाने अधिक उघडा हवा. स्टीलचा पेला हातात धरून हळूहळू खाली नेला की हे दोन मिनिटांत पटते.

डोळ्याची ही पातळी म्हणजेच क्षितिजरेषा. सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाऊन ज्या बिंदूत मिळताना दिसतात, तो बिंदूही याच रेषेवर असतो. या दोन गोष्टी समजल्या की यथार्थदर्शनाचा पाया झाला.

मात्र या चित्रातून माप घेता येत नाही, कारण दूरची भिंत लहान दिसते. ‘असे दिसेल’ हे सांगायला यथार्थदर्शन आणि ‘एवढे करा’ हे सांगायला आराखडा. दोन्ही हवे असेल, तर आयसोमेट्रिक पद्धत वापरतात. यात उभ्या रेषा उभ्याच राहतात, बाकीच्या दोन दिशा आडव्या रेषेशी ३० अंशांत जातात आणि या तिन्ही दिशांना माप तेच राहते. ठिबकचा व्हॉल्व्ह किंवा पेरणीयंत्राचा सुटा भाग दाखवायला ही पद्धत उत्तम.

आधी काय, नंतर काय?

क्रम दाखवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्यात, १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा रंगवली आहे. तिथे राजपुत्र एकदाच दिसत नाही, प्रसंगागणिक पुन्हा पुन्हा येतो. पाहणाऱ्याने भिंतीवरून नजर सरकवायची आणि गोष्ट पुढे न्यायची.

बीजप्रक्रिया, कलम करणे, ओआरएस तयार करणे अशा कामांना हीच पद्धत लागते. एका चौकटीत एकच कृती ठेवा. पाहण्याची बाजू मध्येच बदलू नका. हात जिथे हलतो तिथे बाण द्या आणि चौकटींना क्रमांक घाला. दोन कृती एका चौकटीत कोंबल्या की वाचणारा तिथेच अडतो.

काय गाळायचे?

मोबाइलचा कॅमेरा असताना चित्र कशाला, असे कुणी विचारेल. कॅमेरा समोरचे सगळे टिपतो. समजावणाऱ्या चित्राला काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलराची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या भागाचा नकाशा घेऊन घराघरापाशी मृत्यूंच्या लहान काळ्या रेघा मांडल्या आणि पाण्याचे पंप दाखवले. एका पंपाभोवती रेघांची दाटी झालेली दिसते. साथ हवेतून पसरते असा समज रूढ असताना पाण्याकडे बोट दाखवणाऱ्या पुराव्यांत हा नकाशा गाजला. त्यात इमारतींची शोभा नाही, म्हणूनच दाटी नजरेत भरते.

मराठीत हे कसब शि. द. फडणीस यांच्याकडून शिकावे. १९२५ साली जन्मलेले आणि सर ज. जी. कला शाळेत शिकलेले फडणीस शब्दविरहित हास्यचित्रांसाठी ओळखले जातात. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. चित्राखाली ओळ लिहायची सोय नसेल, तर प्रत्येक रेषेला काम करावेच लागते.

आपल्या चित्रात हे आणण्याचा सोपा उपाय म्हणजे रेषेची जाडी. मुख्य गोष्ट जाड रेषेने, आधाराच्या गोष्टी बारीक रेषेने, न दिसणारे भाग तुटक रेषेने. रंग वापरायचा तर एकच, आणि तोही ज्याबद्दल बोलायचे आहे तिथेच.

शाळेत हे शिकवतात का?

शिकवतात, पण बहुतेकांना ते गुणांपुरते आठवते. राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून गावोगावची मुले या परीक्षांना बसतात.

या परीक्षांचे विषय नीट पाहिले, तर समजावण्याची सगळी साधने तिथे आहेत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र पाहायला शिकवते. स्मरणचित्र समोर नसलेला प्रसंग कागदावर आणायला शिकवते. संकल्पचित्रातून मांडणी येते. भूमितीतून प्रमाण आणि वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये कळतात. अक्षरलेखनामुळे चित्रावरची नावे वाचता येतात.

अडचण एवढीच, की परीक्षा संपली की पेन्सिल बाजूला पडते. घनभूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीला घरच्या बांधकामाचा आराखडा काढायला कुणी सांगत नाही. आयटीआयमधील आरेखक (स्थापत्य) हा अभ्यासक्रम याच कौशल्यावर उभा आहे, हेही दहावीच्या मुलांपर्यंत पोहोचायला हवे.

सराव कसा करायचा?

रोज वीस मिनिटे पुरेत. हा क्रम ठेवा :

१. पहिला आठवडा : हाताने सरळ रेषा, वर्तुळे आणि लंबगोल. खोडरबर नको.

२. दुसरा आठवडा : पेला, घागर, डबा. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची-रुंदीचे प्रमाण मोजा.

३. तिसरा आठवडा : आपल्या खोलीचा आराखडा १:५० प्रमाणात. मापे टेपने घ्या.

४. चौथा आठवडा : लिंबू, कांदा, टॉर्च यांचे छेद. आधी अंदाजाने काढा, मग वस्तू कापून किंवा उघडून ताडून पाहा.

५. पाचवा आठवडा : घरातली एक कृती सहा चौकटींत. उदाहरणार्थ, कुकरची रिंग बदलणे.

६. सहावा आठवडा : घरात किंवा शेतात खरोखर पडलेला एक प्रश्न निवडा आणि त्याला लागणारे चित्र काढा.

चित्र जमले, हे कसे ओळखायचे?

‘छान आहे’ ही दाद इथे उपयोगाची नाही. चित्र ज्याच्यासाठी काढले त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. मिस्त्री असेल तर विचारा, ‘दार कुठे बसवाल?’ भाऊ असेल तर विचारा, ‘पाणी कुठून येते?’ त्याने बोट बरोबर जागी ठेवले, तर चित्र झाले. चुकीच्या जागी ठेवले, तर तोंडी खुलासा करू नका. कुठली रेषा दिशाभूल करते आहे ते शोधा, ती बदला आणि कागद पुन्हा त्याच्यासमोर ठेवा.