कांद्याचं फुकटचं श्रेय

पुण्यात स्वारगेटच्या स्टॉपवर कुणी फीट येऊन पडलं, की घोळका जमतो आणि पहिली आरोळी उठते ती कांद्यासाठी. कांदा नसेल तर चप्पल, तीही नको तर किल्ल्यांचा जुडगा. हुंगवलं, मुठीत कोंबलं, मिनिटाभरात झटके थांबले. “बघा, उतरली!”

कांदा नसता तरी ती उतरलीच असती. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मला तर फीट येण्यापेक्षा तिच्या थांबण्याचंच नवल जास्त वाटतं.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. त्यांची विजेची कुजबुज इतकी क्षीण, की डोक्याच्या त्वचेवर ती व्होल्टच्या लाखाव्या हिश्शांत मोजावी लागते. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४मध्ये माणसाच्या मेंदूतली ही कुजबुज पहिल्यांदा कागदावर उतरवली. जागेपणी तिचा आलेख बारीक, वेडावाकडा. फीटमध्ये मात्र उंच, टोकदार, एका तालात. म्हणजे फीट हा गोंधळ नव्हे, हे जास्तीचं एकमत आहे! पुण्यात दोन माणसांचं एकमत होत नाही. मेंदूतही तेच प्रकृती ठीक असल्याचं लक्षण.

मोठ्या फीटमध्ये आधी अंग ताठतं. छाती आवळते, आतली हवा घशातून रेटली जाते. ती किंकाळी वेदनेची नसते. मग झटके. नीट पाहिलंत तर शेवटी शेवटी दोन झटक्यांमधलं अंतर वाढत जातं. तिथे मेंदू स्वतःला आवरताना दिसतो. अतिश्रमाने पेशींबाहेर साठलेलं अ‍ॅडेनोसिन हे रसायन त्यांना गप्प बसवायला लागतं. हे सगळं आत घडत असतं, आणि शाबासकी कांद्याला.

मग आपण करायचं काय? घड्याळ बघायचं. डोक्याखाली दुपट्टा, जॅकेट, काहीही मऊ सरकवा. चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं सैल करा, आजूबाजूचे दगड आणि गाड्या दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा तर मुळीच नको: जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतो. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटं उलटली, शुद्ध न येता दुसरी फीट आली, श्वास नीट होईना, जबर मार लागला, बाई गरोदर असली किंवा आयुष्यातली ही पहिलीच फीट असली, तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

योग्य औषधांनी दहापैकी सात जणांच्या फीट थांबू शकतात. तरी हिंदू विवाह कायद्यात १९९९पर्यंत वारंवार येणारी फीट हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण होतं. कायदा बदलला; घरोघरी गोळ्यांचं पाकीट अजून कपाटात मागेच लपवतात. स्वतः अपस्मार, म्हणजे हाच फीटचा आजार, सोसलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात ‘संवेदना’ हा स्वमदत गट उभा केला, तिथे रुग्ण आणि घरचे मोकळेपणाने बोलतात. लग्नाबद्दलही.