पाण्यातील औषध आणि सूर्यप्रकाश



पाणी गढूळ झाले तर डोळ्यांना दिसते, कुजले तर नाकाला कळते. त्यात औषध मिसळले तर मात्र काहीच कळत नाही.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे औषधांचे पुष्कळ कारखाने आहेत. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी एका केंद्रात शुद्ध करून सोडले जाई. स्वीडनचे शास्त्रज्ञ जोआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. त्या काळी हे पाणी ओढ्यांतून पुढे मांजरा नदीकडे जात असे.

यात धोका काय? अशा पाण्यातले जंतू औषधाला सरावतात. मग तेच औषध आजारी लेकराला किंवा गाईला दिले तरी गुण येत नाही. सांडपाणी केंद्रात घाण खाण्याचे काम जंतूच करतात. जंतुनाशक औषधापुढे त्यांचे फारसे चालत नाही.

यावर एक उपाय म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. रंगात वापरतात ती ही पांढरी भुकटी. तिच्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की पाणी व प्राणवायू यांच्यापासून अतिशय तिखट असे कण तयार होतात. ते औषधाच्या रेणूचे तुकडे करतात. क्रिया पूर्ण झाली तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडे क्षार उरतात. भुकटी स्वतः संपत नाही. म्हणून तिला उत्प्रेरक म्हणतात. १९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या पदार्थाची प्रकाशातील करामत जगापुढे मांडली.

अडचणीही आहेत. उन्हात अतिनील किरण शेकडा चार-पाचच असतात. गढूळ पाण्यात ते खोल जात नाहीत. भुकटी पुन्हा गाळून काढावी लागते. क्रिया अर्धवट राहिली तर नवेच घातक तुकडे उरू शकतात. म्हणून हे काम कारखान्याच्या दारातच, जाणत्यांच्या देखरेखीखाली व्हावे. कोणीही अशी भुकटी विहिरीत टाकू नये.

आपल्या हाती आहे ते असे: पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण बहुतेक औषधे जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. उरलेली औषधे ओढ्यात, विहिरीत वा उकिरड्यावर टाकू नयेत. दुकानदार परत घेतो का ते विचारावे. जनावरांना जंतुनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.

पाणी ही परमेश्वराने सर्वांना दिलेली ठेव आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाराही आपला शेजारीच आहे.