घाट उतरताना बॅटरी भरते, मग पुढे?

हायब्रिड गाडी घेतलेल्या माणसाला सुरुवातीला सगळे एकच विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ तोही कौतुकाने सांगतो. गाडी जुनी होत गेली की तो आपणहून ज्या गोष्टी काढतो, त्या वेगळ्या असतात. चढावर इंजिन फार ओरडते. वाहतूक तुंबली की एसीपायी इंजिन मधूनच सुरू होते. डिकीत गावी जायच्या बॅगा मावत नाहीत. बॅटरी गेली तर खर्च किती, ही धाकधूक वेगळीच. पुढच्या पिढीच्या हायब्रिडकडून चालकांना काय हवे, हे या तक्रारींतून चांगले कळते. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे बॅटरीच्या आकारात.

आधी ॲव्हरेजचे. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही वेळ नुसत्या विजेवरही चालणाऱ्या, आवृत्त्या २०२२ मध्ये आल्या, तेव्हा त्यांचा प्रमाणित आकडा होता लिटरला २७.९७ किलोमीटर. असे आकडे गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने काढतात. या क्रमात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. म्हणजे आकडा खोटा नाही. तो ज्या प्रवासाचा आहे, तो प्रवास मे महिन्यात कुणी करत नाही. एरवीच्या गाड्यांना शहर महाग पडते आणि हायवे स्वस्त. हायब्रिडचे पुष्कळदा उलटे दिसते. गर्दीत ती विजेवर सरकते, ब्रेक दाबला की मोटर जनरेटर बनते आणि एरवी ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. एक्स्प्रेसवेवर एकदा वेग धरला की ब्रेक क्वचित लागतो, मग परत मिळवायला फारसे काही उरत नाही.

टोयोटाने प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विकायला काढली. तिच्यातली मूळ यंत्ररचना हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉसमध्येही आहे. मधोमध एक सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके आणि सगळ्यांना वेढणारे दातेरी कडे. ग्रहचाके धरून ठेवणाऱ्या सांगाड्याला इंजिन जोडलेले असते, सूर्यचाकाला जनरेटर, तर बाहेरच्या कड्याशी मोठी मोटर आणि गाडीची चाके. जनरेटर किती वेगाने फिरू द्यायचा हे संगणक ठरवतो. त्यावरून इंजिनाचा किती जोर थेट चाकांना आणि किती विजेच्या वाटेने द्यायचा याची वाटणी होते. नेहमीचा क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत. होंडाची वाट निराळी. सिटी हायब्रिडमध्ये इंजिन बराच वेळ नुसती वीज तयार करते आणि हायवेचा वेग आला की एक क्लच लागून थेट चाकांना जोडले जाते.

हे इंजिनही साधे नसते. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. भरणा कमी, पण प्रसरण पुरते. परिणामी ताकद घटते आणि पेट्रोलमधली जास्त ऊर्जा कामी येते. अशा इंजिनांनी ४० टक्के औष्णिक कार्यक्षमता गाठली आहे, आणि पेट्रोल इंजिनासाठी ही मोठी मजल आहे. घटलेली ताकद भरून काढायला मोटर असतेच.

इथे हायरायडरचे एक गणित पाहण्यासारखे आहे. इंजिनाची शक्ती सुमारे ९२ अश्वशक्ती, मोटरची ८०. बेरीज १७२ व्हायला हवी. कंपनी सांगते सुमारे ११५. फसवणूक नाही. मोटर ८० ची असली तरी बॅटरी एका वेळी जेमतेम तेवीस-एक अश्वशक्तीइतकीच वीज देऊ शकते. मोटरला बाकीची वीज इंजिनाकडूनच, जनरेटरमार्फत मिळते. खंडाळ्याचा चढ चार माणसे बसवून चढताना बॅटरीचा साठा संपत आला की सगळा भार दीड लिटरच्या तीन सिलिंडरवर येतो. गिअर नसल्यामुळे इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे नाते तुटलेले असते. इंजिन गरजेइतके वर जाऊन तिथेच घोंघावत राहते, काटा मात्र हळूहळू चढतो. गाडीत बिघाड नाही, पण ज्याचा कान वर्षानुवर्षे गिअर बदलण्याला सरावला आहे त्याला तो बिघाडच वाटतो.

उताराचा हिशेब तर आणखी बोलका आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे साडेपाचशे मीटरने कमी होते. माणसे-सामानासह गाडी सोळाशे किलोची धरली, तर उंचीतून मिळणारी ऊर्जा भरते सुमारे २.४ युनिट, विजेच्या बिलावर असते तेच युनिट. टायरचे घर्षण, हवेचा अडसर आणि वीज साठवतानाची गळती वजा केली तरी पाऊण युनिटाच्या आसपास परत मिळायला हरकत नाही. पण या गाडीची बॅटरीच मुळी ०.७६ युनिटची, आणि आयुष्य वाढावे म्हणून ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच वापरली जाते. म्हणजे प्रत्यक्षात मोकळी जागा ०.३ युनिटची. मुसळधार पावसात पागोळीखाली तांब्या धरावा, तशी गत. अर्ध्या घाटाच्याही आधी बॅटरी भरते. मग एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन जोरात घुमू लागते. पेट्रोल तेव्हा जळत नसते. बॅटरीत न मावणारी वीज खपवायला जनरेटर मोटर बनून इंजिनाला नुसता फिरवत असतो, आणि त्या ओढीने गाडी आवरली जाते. ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून हे आवश्यकच आहे. फुकट मिळालेली वीज आवाजात आणि उष्णतेत घालवायची, हे मात्र कुठल्याही काटकसरी माणसाला खुपणारे.

बॅटरी मोठी का नाही केली? पहिल्या प्रियसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पावणेदोन युनिटच्या आसपास होती. २००३ च्या दुसऱ्या पिढीत ती १.३ युनिटवर आली. तंत्र सुधारत गेले तशी बॅटरी लहान होत गेली, कारण ती फार महाग होती आणि तिचे काम साठवण्याचे नव्हे, क्षणभर जोर देण्याघेण्याचे होते. आता तो हिशेब बदलला आहे. लिथियम-आयन बॅटरीचा सरासरी भाव २०१० च्या सुमारास युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. लहान आणि झटपट जोर देणाऱ्या हायब्रिड बॅटऱ्या यापेक्षा महाग पडतात, तरी पाऊण युनिटवर अडून बसण्याचे कारण उरलेले नाही. दीड-दोन युनिटची बॅटरी चढावर जास्त जोर देईल आणि उतारावर जास्त वीज झेलेल.

ताकद वाढली की ॲव्हरेज पडते, ही भीतीही जुनी झाली. प्रियसच्या पाचव्या पिढीत अमेरिकी मॉडेलची एकत्रित शक्ती १२१ वरून १९४ अश्वशक्तीवर गेली आणि ॲव्हरेज पडले नाही, किंचित वाढलेच.

दुसरी सुधारणा तर जवळपास फुकटची आहे. पुढे घाट आहे हे गाडीला आधी कळले, तर ती उताराआधी बॅटरी रिकामी करून ठेवू शकते. नकाशावरून पुढचा उतार ओळखून असे करणारी प्रणाली टोयोटाने आपल्या काही हायब्रिडमध्ये दिलेली आहे. सह्याद्रीच्या कुशीत गाड्या विकणाऱ्यांनी ती इथे प्राधान्याने द्यायला हवी, काचेच्या छताच्या कितीतरी आधी.

एसीचे दुखणेही त्याच हिशेबातले. उन्हाळ्यात एसी एक ते दीड किलोवॉट ओढतो. ०.३ युनिटवर तो दहा-पंधरा मिनिटे चालतो, मग इंजिन सुरू. डिकीची गोष्ट उलट दिशेची आहे. ग्रँड व्हिटाराच्या साध्या मॉडेलमध्ये ३७३ लिटरची डिकी आहे, स्ट्राँग हायब्रिडमध्ये २६५ लिटरची. सीएनजीच्या टाकीपायी डिकी सोडून द्यायची सवय आपल्याला आहेच, पण एवढे पैसे मोजून तीच तडजोड कोण करील? म्हणून मोठी बॅटरी हवी तर ती सीटखाली किंवा तळाशी बसवायची गाडी मुळापासून आखायला हवी. जुन्या सांगाड्यात कोंबून भागणार नाही.

मग प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिडच का नको, असे विचारले जाते. कागदावर ती उत्तम. पण युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली, तेव्हा अशा गाड्यांचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. कारण साधे आहे, लोक गृहीत धरले तितका प्लग लावतच नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळवताना सभासदांच्या किती बैठका होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. माझे मत विचाराल तर ज्याच्याकडे हक्काचा प्लग आहे त्याने सरळ इलेक्ट्रिक घ्यावी. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी प्लगविना चालणारी, जरा मोठ्या बॅटरीची हायब्रिड.

इथेनॉलचा मुद्दा उसाच्या मुलखात टाळता येत नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि ८५ टक्के मिश्रणात सुमारे २८ टक्के कमी. ही तूट हायब्रिड यंत्रणा बऱ्याच अंशी भरून काढू शकते. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन वरचा असल्याने जास्त दाबाच्या या इंजिनांना ते मानवते. ब्राझीलमध्ये इथेनॉलवरही चालणारी हायब्रिड कोरोला २०१९ पासून विकली जाते. आपल्याकडे नितीन गडकरींच्या हस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिड इनोव्हा हायक्रॉसचा नमुना सादर झाला. शोरूममधल्या गाडीची वाट मात्र ग्राहक तेव्हापासून पाहतो आहे.

राहिला भाव. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के, त्याहून मोठ्या हायब्रिडला ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. वर आलेल्या सगळ्या स्ट्राँग हायब्रिड सव्वाचार मीटरच्या पुढच्या आहेत. म्हणजे सामान्य चालकाची खरी आशा आहे ती लहान, स्वस्त स्ट्राँग हायब्रिड, आणि करामुळे आता ती गाडी काढणे कंपन्यांच्याही सोयीचे झाले आहे.

तोवर, आज हायब्रिड घ्यायला निघाला असाल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची चार माणसे बसवा, एसी लावा आणि जवळचा घाट नाही तर उड्डाणपूल तरी चढायला मागा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ते लेखी घ्या. हवा खेचणारी जाळी मागच्या सीटपाशी असेल तर तिच्यावर पिशव्या ठेवू नका, बॅटरी तिथूनच गार होते. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर टाकून घाट उतरायची जुनी सवय असेल तर ती सोडा. न्यूट्रलमध्ये या गाड्यांची बॅटरी चार्ज होत नाही, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.