भोपाळची माती आणि सफाईचे देणे

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बारा कंटेनरांतून सुमारे २५० किलोमीटरवरील पिथमपूरला नेण्यात आला व जूनअखेर तेथील भट्टीत जाळण्यात आला. चाळीस वर्षांचा कलंक धुऊन निघाला, असे त्याचे वर्णन झाले. ते वस्तुस्थितीला धरून नाही. जळाला तो गोळा करून ठेवलेला कचरा. विष ज्या जमिनीत मुरले ती जागच्या जागीच आहे. नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये केलेल्या अंदाजानुसार तेथील दूषित माती सुमारे ११ लाख टन भरते.

या प्रश्नाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. माती १९८४ च्या डिसेंबरातील वायुगळतीने नासली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः वायू एका रात्रीत पसरला. माती मात्र १९६९ पासून पंधरा वर्षे नासत होती. कीटकनाशकांच्या उत्पादनातील टाकाऊ द्रव्ये आवारातच खड्ड्यांत टाकली जात. १९७७ पासून सांडपाणी कारखान्याच्या उत्तरेकडील तळ्यांत उन्हाने आटविण्यासाठी सोडले जाऊ लागले. पारा, क्लोरिनयुक्त संयुगे, कीटकनाशकांचे अवशेष जमिनीत झिरपले आणि तेथून भूजलात उतरले. अखेर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीच्या दाव्यांतून झाली होती. मातीच्या सफाईचा हिशेब तिच्यात मांडलाच गेला नव्हता.

आता खर्चाकडे पाहू. ३३७ टनांच्या विल्हेवाटीसाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख. याच दराने ११ लाख टन माती जाळावयाची तर आकडा चार लाख कोटींच्या घरात जातो! अर्थात असे कोणी करणार नाही, करूही नये. शिवाय भट्टीत चुना मिसळावा लागत असल्याने राख मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरते, आणि तीही कोठेतरी पुरावीच लागते. व्यवहार्य मार्ग निराळे आहेत: सर्वांत विषारी थर तेवढे उचलणे, उरलेली माती अभेद्य अस्तर व आच्छादन घालून जागीच बंदिस्त करणे, आणि दूषित भूजल उपसून शुद्ध करीत राहणे. यांतील शेवटचे काम कित्येक वर्षे चालते, म्हणून त्याचा खर्चही दरसाल करावा लागतो.

हा खर्च कोणी सोसावा? खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावत पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. मालाच्या किमतीत न धरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खाती पडतो. अमेरिकेतील ‘लव्ह कॅनॉल’ येथे हूकर कंपनीने रासायनिक कचरा पुरलेली जमीन १९५३ मध्ये शाळामंडळास एका डॉलरला विकली. १९७८ मध्ये तेथील रहिवाशांना घरे सोडावी लागली, आणि १९८० मध्ये तेल व रसायने यांवरील करातून सफाईनिधी उभारणारा कायदा झाला. १९९५ अखेर तो कर बंद पडताच भार सामान्य करदात्यावर सरकला; रसायनांवरील कर पुन्हा सुरू व्हायला २०२२ साल उजाडले.

आपल्याकडे तत्त्वाची वाण नाही. राजस्थानातील बिछडी गावी रासायनिक कारखान्यांनी विहिरी व जमिनी नासविल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च कारखानदारांवरच टाकला, आणि २०११ मध्ये दिरंगाईबद्दल १२ टक्के चक्रवाढ व्याजही लावले. भोपाळमध्ये मात्र कार्बाइडने १९९४ मध्ये आपल्या भारतीय कंपनीतील भाग विकले, १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे आली, आणि २००१ मध्ये कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊ कंपनीने हे देणे आपले नव्हेच, अशी भूमिका घेतली. जमिनीबरोबर विषही सरकारजमा झाले म्हणावयाचे!

दूषित स्थळांविषयी केंद्राने जुलै २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. दूषण करणाऱ्याने खर्च द्यावा; तो सापडत नसेल वा असमर्थ असेल तर केंद्र व राज्य यांनी तो उचलावा, अशी त्यांतील व्यवस्था आहे. भोपाळचा देणेकरी सापडत नाही असे कोणी म्हणणार नाही, आणि तो असमर्थ आहे असेही नाही. तेव्हा ११ लाख टनांच्या कामाचा पहिला रुपया सरकारी तिजोरीतून निघण्यापूर्वी वसुलीचा दावा दाखल झाला पाहिजे, आणि कोणत्या खोलीवर कोणते द्रव्य किती सापडले, हे त्या वस्त्यांत हिंदीत फलक लावून सांगितले गेले पाहिजे.