समजून घ्या : हसवणाऱ्या सेलिब्रिटींची आत्मचरित्रं लोक इतकी आवडीने का वाचतात?

नऊ वर्षांचा मुलगा रविवारी चर्चहून घरी निघालेला. मिनीबसचा चालक धमक्या देतोय, जिवाला धोका आहे हे ओळखून आई मुलाला चालत्या गाडीतून बाहेर ढकलते आणि तान्ह्या धाकट्याला कवटाळून स्वतःही उडी मारते. ट्रेव्हर नोआच्या ‘बॉर्न अ क्राइम’ची सुरुवात या प्रसंगाने होते. आणि तो वाचताना चक्क हसू येतं.

नोआ 2015 मध्ये अमेरिकेतल्या ‘द डेली शो’चा सूत्रसंचालक झाला. पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. 2017 मध्ये त्याला विनोदी लेखनासाठीचा थर्बर पुरस्कार मिळाला. विनोदी पुस्तक म्हणून गाजलेल्या या आत्मचरित्राचा विषय मात्र वर्णद्वेष, गरिबी आणि घरातली मारहाण हा आहे.

जन्म हाच गुन्हा कसा?

नोआचा जन्म 1984 चा, जोहान्सबर्गमधला. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे स्विस. दक्षिण आफ्रिकेत 1927 च्या कायद्याने असे संबंध गुन्हा ठरवले होते. ती बंदी उठली 1985 मध्ये, म्हणजे त्याच्या जन्मानंतर एका वर्षाने. पोरगं म्हणजे चालताबोलता पुरावाच! त्यामुळे रस्त्यात पोलीस दिसले की आई त्याचा हात सोडून द्यायची, जणू तो तिचा मुलगाच नाही. सोवेटोत आजीकडे गेल्यावर त्याला घराबाहेर खेळायची मुभा नसे.

मग यात हसण्यासारखं काय?

नोआ स्वतःला हिरो करत नाही, खरी गंमत तिथेच आहे. पुस्तकाची नायिका आहे त्याची आई. हा मात्र मार चुकवत पळणारा, पायरेटेड सीडी विकणारा उचापती पोरगा. ‘मी कसा मोठा झालो’ छापाच्या आत्मचरित्रात वाचकाला कौतुक करण्यापलीकडे काम उरत नाही. स्वतःची फजिती सांगणारा माणूस मात्र लगेच जवळचा वाटतो. अमेरिकी अभिनेत्री टीना फेने 2011 मधल्या ‘बॉसीपँट्स’च्या मुखपृष्ठावर स्वतःच्या चेहऱ्याखाली पुरुषाचे केसाळ हात लावून घेतले ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचक एकदा हसला की थोडा सैल होतो आणि मग जड गोष्टही ऐकून घेतो. शेवटच्या प्रकरणात सावत्र वडील नोआच्या आईच्या डोक्यात गोळी झाडतात. ती वाचते. रुग्णालयात रडणाऱ्या मुलाला ती सांगते, चांगली बाजू बघ, आता घरात सगळ्यात देखणा तूच! हसता हसता घशात आवंढा येतो, कारण तोवर ही बाई वाचकाला पुरती ओळखीची झालेली असते. गोळी झाडणाऱ्याला तुरुंगात जावं लागलं नाही, हेही नोआ सांगतो. तिथे विनोद नाही.

ऑडिओबुकमुळेही या पुस्तकांना बळ मिळालं. विनोदी कलाकार स्वतः वाचतो तेव्हा कुठे थांबायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. नोआ तर झुलू, खोसा सगळे ढंग आवाजात आणतो. लोकलच्या गर्दीत कानात हेडफोन घालून एकटंच हसणारा माणूस दिसला, तर असंच काही ऐकत असेल.

पण सगळं खरं असतं का?

नसतंही. ब्रिटिश अभिनेता डेव्हिड निवेनचं ‘द मून्स अ बलून’ (1971) हे या प्रकारातलं तुफान गाजलेलं पुस्तक. त्यातले बरेच किस्से फुगवलेले, काही तर दुसऱ्यांच्या बाबतीत घडलेले होते, असं पुढे चरित्रकारांनी दाखवलं. तरी पुस्तकाची लोकप्रियता फारशी घटली नाही. रंगवून सांगितलेला किस्सा वाचक माफ करतो. कंटाळवाणा खरा किस्सा नाही.

मराठीत?

दादा कोंडकेंचं ‘एकटा जीव’ आहेच. शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. नायगावातलं बालपण, अपना बाजारमधली नोकरी, ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि मग एकामागून एक रौप्यमहोत्सवी चित्रपट. किस्से भरपूर आहेत, पण पुस्तकाच्या नावात ‘सदाशिव’ गळून फक्त ‘एकटा जीव’ उरलाय. थिएटर हसवणाऱ्या माणसाचं एकटेपण वाचायलाच लोक हे पुस्तक पुन्हा उघडतात.

प्रश्न उरतो घरातल्यांचा. विनोदी माणूस आपल्या कहाणीत आई, बायको, मित्र सगळ्यांना पात्रं करून टाकतो आणि त्यांची बाजू क्वचितच छापली जाते. मराठीत ती छापली गेली. 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि महाराष्ट्राच्या लाडक्या पुलंचं घर आतून कसं होतं, हे वाचकांनी पहिल्यांदा त्यांच्या पत्नीच्या शब्दांत वाचलं. पुलं तेव्हा हयात होते. काही चाहते दुखावले, अनेकांना ते धाडस वाटलं. पुस्तक आजही वाचलं जातं.