फुकटची टोपी

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा युनियनच्या कचेरीत भेटावयास आला. पोरगा हुशार, लोखंड कातणारी यंत्रे करणाऱ्या एका कंपनीत विक्रीचे काम करतो. त्या कामापायी तो जानेवारीत अमेरिकेत लास व्हेगास येथे भरलेल्या बंदुकांच्या व्यापारी प्रदर्शनास जाऊन आला होता. त्याने खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. चार टोप्या, वीस-बावीस कापडी बिल्ले, मूठभर पेने, स्टिकर, किल्ल्या अडकवण्याच्या कड्या, आणि बाटलीचे बूच उघडण्याचे एक साधन, तेही काडतुसाच्या आकाराचे. "काका, एक पैसा पडला नाही. तुम्हांला हवे ते घ्या," तो म्हणाला.

मी एक टोपी उचलली आणि सवयीने आधी आतली चिठ्ठी पाहिली. टोपी बांगलादेशात शिवलेली होती. बंदूक अमेरिकन, टोपी बांगलादेशी, आणि घालणारा मी, ज्याने जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही! "एक पैसा पडला नाही" हे वाक्य मात्र मनात राहिले. तीस वर्षे वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या माणसाला अशा वाक्याचा संशय येतोच. पैसा पडला नाही, म्हणजे नेमका कोणाचा पडला नाही?

आधी हे प्रदर्शन काय आहे ते सांगतो. त्याला 'शॉट शो' म्हणतात. नेमबाजी, शिकार, रानावनातील भटकंती आणि व्यापार ह्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द केला आहे. ते भरवते 'नॅशनल शूटिंग स्पोर्ट्‌स फाउंडेशन' ही बंदूकधंदेवाल्यांची संघटना. ती १९६१ साली स्थापन झाली. मालकांनीही आपली युनियन काढलीच आहे, असे आम्ही म्हणतो. पहिले प्रदर्शन १९७९ साली सेंट लुईस शहरात झाले आणि २०१०पासून त्याचे ठाणे लास व्हेगासच्या व्हेनेशियन हॉटेलला लागून असलेल्या प्रदर्शनगृहात आहे. अडीच हजारांहून अधिक कंपन्या गाळे मांडतात आणि पन्नास हजारांवर माणसे चार दिवस त्यांतून फिरतात. ही जत्रा नव्हे. धंद्याशी संबंध असल्याचा पुरावा दाखविल्याशिवाय आत सोडत नाहीत. मांडलेल्या बंदुका उडत नाहीत. ज्या खिळीने काडतूस पेटते ती काढून ठेवलेली असते. तेथे बंदूक उचलून खांद्याला लावून पाहता येते, पण विकत घेऊन घरी नेता येत नाही. घरी नेता येतात त्या टोप्या आणि बिल्ले.

हे जमविण्याचेही एक शास्त्र झाले आहे. मुलगा सांगत होता की मुरलेली माणसे पहिल्याच दिवशी सकाळी नकाशावर खुणा करून निघतात, कारण चांगल्या वस्तू दुपारपर्यंत संपतात. पेन आणि स्टिकर कोणीही उचलावे. टोपी मागावी लागते, आणि मागण्यापूर्वी गाळ्यावरच्या माणसाशी पाच मिनिटे मालाबद्दल बोलावे लागते. सर्वांत जास्त ओढ कापडी बिल्ल्यांची. सैनिकांच्या बाहीवर तुकडीचे चिन्ह असते, त्याच घरातले हे धाकटे भावंड. मागे चिकटणारी पट्टी असते. टोपीवर किंवा पिशवीवर लावावे, काढावे, दुसऱ्याशी बदलावे. काही कंपन्या ठरावीक संख्येने बिल्ले करतात, आणि मग पोक्त व्यापारी शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहतात. ह्यात मला हसू येत नाही. आपण काड्यापेटीची चित्रे जमविली नाहीत काय?

पण वस्तू हातात पडण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी एक गोष्ट घडते. गळ्यातल्या ओळखपत्रावरची सांकेतिक खूण गाळ्यावरचा माणूस छोट्या यंत्राने टिपतो. नाव, कंपनी, हुद्दा, पत्ता, सारे त्याच्या वहीत गेले. पुढे वर्षभर पत्रे आणि फोन येत राहतात. टोपीची पहिली किंमत ही.

फुकट वस्तू वाटण्याची ही विद्या बंदूकवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाचे गाव आहे. तेथे १८८०नंतरच्या दशकात जॅस्पर मीक नावाचा छापखानेवाला होता. वर्तमानपत्र छापून झाले की यंत्र रिकामे बसे. गावातल्या पोरांच्या हातून शाळेची पुस्तके रस्त्यात पडताना पाहून त्याला युक्ती सुचली. त्याने जोड्यांच्या दुकानदाराला गोणपाटाच्या पिशव्या दिल्या. त्यांवर दुकानाचे नाव छापले. दुकानात येईल त्या पोराला पिशवी फुकट. पोरे गावभर जाहिरात मिरवीत हिंडली आणि आईबापांनी मीकला धन्यवाद दिले! आजच्या टोपीचा मूळ पुरुष हा गोणपाट.

मग बंदूकवाल्यांना त्याची एवढी गरज का पडावी? ह्याचे उत्तर मालातच आहे. जोडा झिजतो, साबण विरघळतो. बरी निगा राखलेली बंदूक झिजत नाही. आजोबांनी घेतलेली रायफल नातू वापरतो. अशा धंद्याला जुन्याच गिऱ्हाइकास पुन्हा बंदूक विकायची, तर गरज दाखवून चालत नाही. तुम्ही आमच्यापैकी आहात ही भावना विकावी लागते. शिवाय गूगल आणि फेसबुक ह्यांसारख्या मोठ्या कंपन्या बंदुकांच्या विक्रीच्या जाहिराती घेत नाहीत. टोपीला मात्र कोणी अडवीत नाही. ती मुलाच्या शाळेपर्यंत, प्रार्थनेपर्यंत, किराणा दुकानापर्यंत जाते. आणि टोपीवर असते ते केवळ नाव नि चिन्ह. मालाचा उपयोग तिच्यावर लिहिलेला नसतो. १ ऑक्टोबर २०१७ रोजी ह्याच लास व्हेगासच्या ह्याच हमरस्त्यावर एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने खालच्या संगीतसभेवर गोळीबार केला. त्यात ५८ माणसे मारली गेली; पुढे जखमांनी गेलेली धरून आकडा ६० झाला. जानेवारी २०१८मध्ये प्रदर्शन नेहमीच्या जागी भरले.

ढिगात मी एक नाव शोधीत होतो: रेमिंग्टन. ते सापडले नाही. न्यूयॉर्क राज्यातील इलियन हे गाव ह्या कंपनीभोवती वाढलेले. धंद्याची सुरुवात १८१६ची. तेथील कामगार संयुक्त खाणकामगार संघटनेचे सभासद होते. कंपनी दिवाळ्यात गेली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये ५८५ कामगारांना काढले गेले. करारात ठरलेली नुकसानभरपाई आणि साठलेल्या रजेचे पैसे देण्यास नकार मिळाला. २०२१मध्ये नव्या मालकांनी कारखाना थोड्या लोकांवर चालू केला, आणि मार्च २०२४मध्ये कायमचा बंद करून काम जॉर्जियात हलविले. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या नावाला किंमत आणली त्यांच्या हाती नोटीस राहिली. नाव मात्र मालकांच्या मालमत्तेत विकले गेले.

येथे मला स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच पंडिताचा १९२५ सालचा दानावरील निबंध आहे. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही माणसावरची बंधने आहेत, असे तो म्हणतो. ह्या निबंधाची ओळख एका पुस्तकात नुकतीच वाचली होती, आणि नवे वाचलेले कोठे तरी वापरायची मला घाई असे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात बोनसची बोलणी अडली होती. मालकाने जूनमध्ये प्रत्येक कामगाराला आपल्या नावाची छत्री वाटली. पुढच्या आठवड्यात गेटसभेला पाऊस आला आणि मालकाविरुद्धचे माझे भाषण चारशे माणसे मालकाच्या छत्र्यांखाली उभी राहून ऐकू लागली! मी संतापलो. छत्र्या मिटा, म्हणालो. ह्या छत्रीने तुम्हांला बांधले आहे. पुढच्या रांगेतले एक म्हातारे फिटर म्हणाले, "भाऊ, छत्री आमच्याच बोनसातून आली आहे. ती मिटून भिजायचे कशाला?"

सभा हसली. छत्री एकही मिटली नाही. तडजोड आम्हांला हवी होती त्याहून कमीवर झाली. त्याचे खापर मी पुष्कळ दिवस छत्रीवर फोडीत असे, पण ते खरे नव्हते, आमची तयारीच अपुरी होती. त्या फिटरांनी मॉस वाचला नव्हता, तरी हिशेब त्यांचा बरोबर होता. वस्तू कोणाच्या पैशातून आली हे ज्याला ठाऊक आहे, तो ती घेऊनही मोकळा राहतो.

म्हणून त्या मुलाला मी टोप्या टाकून दे असे सांगितले नाही. हिशेब मात्र विचारला. तू उतरलास ते हॉटेल कोणते? तो म्हणाला, व्हेनेशियनच. हे हॉटेल १९९९मध्ये उघडले. लास व्हेगासच्या हॉटेल-कामगारांची 'कलिनरी युनियन' तेव्हापासून त्याच्या दारात उभी होती. तेथील कामगारांचा पहिला करार २०२४मध्ये झाला, पंचवीस वर्षांनी. खोल्या झाडणाऱ्या बाया, पेले विसळणारे, सामान वाहणारे, सारे त्यात आले. तुझी खोली झाडायला येणाऱ्या बाईंच्या छातीवर युनियनचा बिल्ला होता का, असे मी विचारले.

त्याने थोडा विचार केला. "पाहिले नाही, काका," म्हणाला. "शेवटच्या दिवशी विमानात वजन जास्त होईल म्हणून चार-पाच किलो माहितीपत्रके खोलीतच टाकून आलो. ती त्यांनीच उचलली असतील."

टोपी मी ठेवून घेतली नाही. बूच उघडण्याचे साधन ठेवले आहे. सोड्याच्या बाटल्यांना उपयोगी पडते.